चिठ्ठीतली चौथी ओळ

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. भावाला सांगितलं नाही, आईला नाही, ज्यांच्याबरोबर तीस वर्षं संसार केला त्यांनाही नाही. देवापुढे बसून मनातल्या मनात म्हणायला घ्यायची – आणि अर्ध्यावर आलं की उठायची. समईची वात पुढे सारायची, नाहीतर दाराशी कोण आलं ते पाहायला जायची. कुणी आलेलं नसायचं. आत्तासुद्धा लिहायला बसल्यापासून तीनदा उठून झालं. एकदा तर माठावर झाकण आहे का ते पाहून आले. होतं. का नसेल?

तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे. ओळखत असता तर म्हणाला असता – छे, बाई, तुम्ही असं कसं कराल? आणि तेवढं ऐकून मी गप्प बसले असते. आजवर तसंच होत आलंय. माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललं की मी गप्प बसते, आणि लोकांना तो विनय वाटतो.

गोष्ट गोदावहिनीची आहे. म्हणजे माझीच, पण सुरुवात तिच्यापासून करावी लागेल.

गोदावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. जानेफळला आमच्या घरात ती आली तेव्हा पंधरा वर्षांची होती, मी सहाची. आम्ही भाजीपाला पिकवणारे लोक. गावाबाहेर मळा, मळ्यात विहीर. वांगी, मेथी, मुळे काढायचे, टोपल्यांत भरायचे आणि डोक्यावरून बाजाराला न्यायचे. वडील माझ्या लहानपणीच गेले. घरात माय, दादा, वहिनी आणि मी, एवढीच माणसं. मी घरची लेक, म्हणून वहिनी नऊ वर्षांनी मोठी असूनही मला 'तुमी' म्हणायची, 'यमूबाई' म्हणायची. मी मात्र तिला 'तू'. आमच्याकडे तशी रीतच होती. माझं नाक पुसायचं तिनं, वेणी घालायची तिनं, आणि वर विचारायचं, "तुमी जेवल्या का, बाई?"

मला शाळेत तिनंच घातलं. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. चौथी झाली की गावातल्या पोरी शाळा सोडायच्या, माझी चौथी झाली तेव्हा ती दादाला म्हणाली, "राहू द्या ना जी, एवढं चांगलं वाचतेत." पुढे प्रत्येक वर्षी ती हेच म्हणत गेली, आणि मी सातवीत पोचले तेव्हा वर्गात मुलगी अशी मी एकटीच उरले होते. दादा काही वाईट माणूस नव्हता. पण पंधरा वर्षांची बहीण बिनलग्नाची घरात, यावर लोक काय काय बोलायचे ते त्यालाच ऐकावं लागायचं. एक दिवस त्यानं निकालच लावून टाकला.

"यंदा पास झाली तं अमरावतीले नॉर्मल शाळेत धाडतो, होऊ दे मास्तरीण. नापास झाली, नाही तं परीक्षेलेच नाही बसली, तं अक्षय्यतृतीयेले लगन. मंग मले कोनी काही म्हनू नका."

"होतेत पास," वहिनी चुलीपुढून म्हणाली. "तुमी फक्त अमरावतीचं पाहा."

परीक्षा चैत्रात होती, मेहकरला.

त्याच वर्षी वहिनीला दिवस होते. आधी दोनदा पोट पडलं होतं. हे तिसरं नऊ महिने टिकलं. मार्गशीर्षात ती बाळंत झाली. दीड दिवस अडली होती. मुलगा झाला, पण गेलेलाच. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला तो उतरेना. सुईणीनं काढे दिले, त्यानं काही होईना. वहिनी बरळायला लागली तेव्हा दादानं तिला मोटारीत घालून खामगावला बायकांच्या दवाखान्यात नेलं. मायचे गुडघे धरलेले होते, आणि मला वाचता येत होतं – म्हणून सोबतीला मी.

अठरा दिवस मी तिच्या खाटेपाशी होते. तिचं सगळं केलं. तिचे कपडे धुतले, तिला भरवलं, तिची वेणी घातली. हे का सांगते आहे? माझ्या बाजूनं काही जमा व्हावं म्हणून नाही. पुढचं ऐकताना तुम्हाला वाटू नये, की माझा तिच्यावर जीवच नव्हता. जीव होता. तरी केलं.

बाराव्या दिवशी दादा भेटायला आला आणि मास्तरांचा निरोप घेऊन आला. खाडे फार झालेत. पौषात शाळेत दिसली नाही तर फॉर्म पुढे जाणार नाही. गणिताचं पुस्तक मी बरोबर नेलं होतं, पण व्याजाच्या पुढची गणितं मला समजावून द्यायला तिथं कोण होतं? वहिनी डोळे मिटून पडलेली होती. मला वाटलं झोपलीय. दादा गेल्यावर म्हणाली, "घरी गेलो की तुमी शाळेत जा, बाई. माह्या उशाशी बसू नका."

आता दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीपाशी येते. उगीच लांबवते आहे, मला कळतंय.

दवाखान्यातून सुटायच्या दिवशी औषधं घ्यायला मला खिडकीवर पाठवलं. दादा मोटारीची चौकशी करायला गेला होता. वहिनी ओसरीच्या टोकाला बाकावर, गाठोड्यावर डोकं ठेवून आडवी झाली होती. खिडकीत कंपाउंडर होते, साठीच्या आसपासचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. माझ्यामागं बायकांची रांग, सगळ्या कुरकुरत होत्या, पण कंपाउंडरांना घाई म्हणून नव्हती. त्यांनी आधी मलाच विचारलं.

"घरी काय काय देत होते तिले? सगळं सांग बेटा. लपवू नको."

मी सांगितलं – बाळंतशेपा, हिराबोळ, सुईणीचा काढा. त्यांनी एकेक ऐकून घेतलं. बाळंतशेपा चालू दे म्हणाले. काढा बंद, त्यात काय असतं ते सुईणीलाही ठाऊक नसतं, आणि आमच्या औषधाबरोबर तो पोटात नको. मग एकेक वस्तू खिडकीच्या फळीवर मांडत गेले. लोखंडाच्या औषधाची बाटली – बाजूला कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवलेली, एक खाच म्हणजे एक खेप; जेवण झाल्यावर तीन वेळा, प्यायल्यावर चूळ भरायची नाहीतर दात काळे पडतात, आणि शौचाला काळं झालं तर भ्यायचं नाही. हिवतापाच्या पुड्या – सकाळी एक. कानात फारच घुं व्हायला लागलं तर थांबवायच्या. आणि एका कागदात जांभळे खडे, ते धुण्यासाठी. कोमट पाण्यात गुलाबी रंग येईल इतकेच टाकायचे. पोटात जाऊ द्यायचे नाहीत, वेगळे ठेवायचे.

मला वाटलं संपलं. मी वस्तू उचलायला लागले तर त्यांनी हात पुढे करून थांबवलं.

"चवथं राह्यलं. ते बाटलीत नाही. तीन महिने तिनं वजन उचलायचं नाही. पान्याचा हंडा नाही, टोपलं नाही, जातं नाही. अंग, म्हंजे गर्भाची पिशवी, अजून जाग्यावर बसली नाही तिची. आता उचललं तं अंग बाहेर येईन, आन मंग जिंदगीभर तरास हाय. समजलं?"

"हो."

"हो नाही. तू सांग मले आता, सारं."

मी सांगितलं. चारही. एक शब्द चुकला नाही. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

"शाबास. कितवीत हाय?"

"सातवीत."

"मंग लिहून द्यायची गरज नाही. तरीबी देतो. घरच्यांयले वाचून दाखव." आणि त्यांनी जांभळी पेन्सिल जिभेला लावून एका कागदावर चार ओळी लिहिल्या, एकाखाली एक, स्वच्छ बाळबोध अक्षरात.

त्या माणसानं काही म्हणजे काही बाकी ठेवलं नव्हतं. हे मला मुद्दाम सांगायचंय. नंतर आमच्या घरी त्यांना नावं ठेवली गेली.

मोटारीत दादा पुढे ड्रायव्हरजवळ बसला. वहिनीला मी खिडकीशी बसवलं. खामगाव सुटलं आणि मी बोटांवर मोजायला लागले. पौष, माघ, फाल्गुन. तीन महिने. पुन्हा मोजलं. पौष, माघ, फाल्गुन – आणि चैत्रात मेहकरला परीक्षा. वहिनीनं हंडा उचलायचा नाही, तर कुणी उचलायचा? टोपलं कुणी न्यायचं? माय? मळ्याला मोट धरायला दादा. मग दळण, पाणी, बाजार – घरात चौथं माणूस मीच. मास्तर म्हणाले होते पौषात शाळेत दिसली पाहिजे. कितीही वेळा मोजलं तरी तेच येत होतं.

मोटार घाट चढायच्या आधी पाणी घालायला थांबली. दादा खाली उतरला. वहिनीचे डोळे मिटलेले होते. मी कागद काढला. दादाला थोडंफार वाचता यायचं, म्हणून नुसतं न वाचून भागणार नव्हतं. मी कागदाला तिसऱ्या ओळीखाली घडी घातली, घडीवरून नख फिरवलं – दोनदा, नीट – आणि खालची पट्टी अलगद वेगळी केली. कडा अगदी सरळ आली. ती पट्टी गुंडाळून गुंडाळून बोराएवढी केली आणि सीटची गादी एका जागी फाटली होती, तिच्या काथ्यात बोटानं आत ढकलली.

घाबरले होते का? नाही. तेच तर. मी पाटीवरचं गणित पुसतात तसं पुसलं.

घाट चढून गाडी सपाटीला लागली तेव्हा वहिनीनं डोळे उघडले.

"काय म्हनत होता वो कंपाउंडर एवढा वेळ?"

"औषधाचंच. तीन औषधं हायेत. मी देईन तुले वेळेवर."

"आन काम? काम कराले केव्हापासून सांगतलं?"

तिनं सरळ विचारलं होतं. मला सरळ सांगता आलं असतं. फाडला होता तो कागद, तोंड शाबूत होतं.

"जमंल तसं कर म्हने," मी म्हणाले.

घरी आल्यावर माय, दादा, शेजारच्या दोघी, सगळे बसले आणि मी चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. तीन ओळी. मायनं विचारलं, "एवढंच?" मी म्हणाले, "एवढंच." माय कडक होती, सुनेला बोलायची, हे खरं, पण डॉक्टरचं ऐकणारी होती. कंपाउंडरनं काढा बंद करायला सांगितलाय म्हटल्यावर सुईणीशी भांडण घेऊन तिनं तो बंद केला. तिनं वहिनीला तीन महिने बसवलं असतं. कुरकुरत, पण बसवलं असतं. तेव्हा मायच्या भीतीनं केलं असंही मला म्हणता येत नाही.

बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात. माय तेवढा पाळायला निघाली होती. पण घरी आल्याच्या आठव्या दिवशी मी विहिरीवरून हंडा घेऊन येत होते आणि वहिनी अंगणात आली. अजून भिंतीला धरून चालत होती.

"मांडीवर पोर ना सोर, मी बसून काय करू? तुमची शाळा बुडून राह्यली, बाई. द्या इकडं."

तिनं हंड्याला हात घातला. हंडा भरलेला होता. एक क्षण आम्ही दोघींनी तो धरला होता. मग मी सोडला.

त्या एका क्षणाचं मी काय सांगू तुम्हाला? कागद फाडताना वहिनी समोर नव्हती – होती, पण डोळे मिटून. हंडा सोडताना ती माझ्याकडे बघत होती. तिच्या हाताच्या शिरा वर आलेल्या मला दिसल्या. आणि मी दप्तर घेतलं आणि शाळेत गेले. मास्तर म्हणाले, "आलीस का, बरं झालं." त्या दिवशी आम्ही चक्रवाढ व्याज केलं.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं. किंवा आठवड्यानं. 'अगं, विसरलेच होते, कंपाउंडर असंही म्हणाले होते' – एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, खोटं खोट्यातच राहिलं असतं आणि ती वाचली असती. मी रोज सकाळी हे मनात म्हणायची. रोज सकाळी. मग विहिरीवरून तिची चाहूल यायची आणि मी पुस्तक उघडायची. औषधं मात्र मी इतकी काटेकोर दिली की काय सांगू! जेवण झालं की बाटली घेऊन हजर. खाचेवर खाच. चूळ भरायला पाणी घेऊन उभी. पुडी मधात कालवून. जांभळे खडे वेगळ्या डबीत, डबी कोनाड्यात उंच. शेजारच्या बायका मायला म्हणायच्या, "लेक असावी तं अशी." वहिनीही म्हणायची. तीन ओळींचं मी एवढं सोनं केलं – चौथीचं कुणाला सुचूच नये म्हणून का? तेव्हा तसं ठरवून नव्हतं केलं. आता वाटतं.

माघात एक दिवस तिनं मला गोठ्यामागं बोलावलं. चेहरा उतरलेला. लुगड्याचा पदर दातात धरून उभी होती.

"कोनाले सांगू नका, बाई. माह्यं अंग बाहेर येते. उभी राह्यली की येते. निजली की जाते आत. हे काऊन होऊन राह्यलं?"

मला माहीत होतं काऊन. साऱ्या जानेफळात मला एकटीला माहीत होतं.

"त्या चिठ्ठीत पाहा ना वो," ती म्हणाली. "याच्यावर काही लिव्हलं हाय का?"

मी आत गेले. पेटीतून चिठ्ठी काढली. गोठ्यामागं परत आले आणि तिच्यासमोर कागद धरून तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या, बोट फिरवत. तिनं माझ्या बोटाकडे बघितलं, ते खालच्या कडेशी थांबलं तेव्हा विचारलं, "बस?"

"बस. याच्यावर काही नाही."

परीक्षेला पाच आठवडे उरले होते.

ती म्हणाली, "मंग राहू द्या. जाईन आपोआप." आणि लंगोटासारखी चिंधी बांधून कामाला लागली. मायला महिन्याभरानं कळलं. माय म्हणाली, खामगावचं औषध बाधलं. त्या कंपाउंडरनं काढा बंद केला म्हणून अंग सैल पडलं. दादाही तसंच म्हणायला लागला. पुढे दोन वर्षांनी शेजारची एक बाळंतीण तापली तेव्हा हेच बोलणं तिच्या घरापर्यंत गेलं, आणि तिला त्यांनी खामगावला नेलं नाही. ती वाचली, सुदैवानं. नसती वाचली तर?

मी पास झाले. नागपूरहून निकाल आला, मास्तर स्वतः घरी सांगायला आले. वहिनीनं गल्लीभर साखर वाटली – वाटताना मधेच एका ओट्यावर टेकली होती, मी पाहिलं. अमरावतीला जाताना तिनं माझ्या ट्रंकेत लाडू ठेवले, आणि दादाला म्हणाली, "पाहा, म्हनलं नव्हतं मी?"

नॉर्मल झालं. मला सुलतानपूरच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. इकडे वहिनीला पुन्हा दिवस गेले नाहीत. चौथ्या वर्षी दादानं दुसरी बायको केली. मुलगी वहिनीनंच पाहून दिली म्हणे. मी तेव्हा तिथं नव्हते, परीक्षा आहेत असं पत्र धाडून गेलेच नाही. धाकटीची तीन मुलं वहिनीनं अंगाखांद्यावर वाढवली – अंगाखांद्यावर म्हणजे बसून. उभ्यानं कडेवर घेता यायचं नाही तिला. घराच्या मधल्या खोलीतून तिची वळकटी मळ्यातल्या खोपटात गेली. कुणी घालवली नाही. तीच म्हणाली, पोरं झाली, जागा नाही पुरत. अंगाला वास येतो असं कुणीतरी म्हणालं होतं.

नऊ वर्षांनी, फारच दुखायला लागलं तेव्हा, मी तिला माझ्याकडे सुलतानपूरला आणलं आणि तिथून खामगावला नेलं. तोच दवाखाना. औषधाच्या खिडकीत दुसराच माणूस होता. मला बरं वाटलं. हेही सांगून टाकते – हायसं वाटलं मला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कुठल्या तरी लांबच्या. पडद्याआड त्यांनी वहिनीला तपासलं. मी उशाशी उभी होते, तिचा हात माझ्या हातात होता. ऑपरेशन करावं लागेल म्हणाल्या, अकोल्याला नाहीतर नागपूरला; वहिनी नको म्हणाली. मग रबराची रिंग बसवू, तात्पुरतं बरं वाटेल, म्हणाल्या. हातमोजे काढता काढता सहज विचारलं, "बाळंतपणानंतर ओझं उचलू नका म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही जी," वहिनी म्हणाली. "सांगतलं असतं तं आमच्या यमूबाईनं सांगतलं असतं. त्याच होत्या संगं. कागद वाचून वाचून औषध देलं मले त्याहीनं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीचा पदर सारखा केला.

आणि मग वहिनी हसली. कानकोंडी होऊन, पोर चोरी कबूल करताना हसतं तसं. "एक सांगू का, बाई? रागावू नका. माह्याच हातून झालं हे. ते लोखंडाची बाटली होती ना, ते माह्या हातून सांडली होती. आर्धी. तुमी शाळेत होत्या. मी तिच्यात पानी टाकून पट्टीच्या खाचेपावतर भरून ठेवली. तुमी एवढ्या मनापासून देत होत्या, मले सांगाची लाज वाटली. पुरं औषध पोटात गेलं असतं तं सुधरलं असतं ना मी?"

नऊ वर्षं तिनं ते मनात ठेवलं होतं. नऊ वर्षं तिला वाटत होतं, की मला फसवलं म्हणून तिचं हे असं झालं. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. माझा हात तिनं घट्ट धरला होता, आणि ती वाट बघत होती.

काय म्हणायचं होतं मी? तिनं स्वतःहून दार उघडून दिलं होतं. कुणी तिसरं म्हणजे त्या डॉक्टरीणबाई, आणि त्या तर हात धुवायला वळल्या होत्या. लोखंडानं काही झालं नसतं गं, एवढं तरी. निदान तेवढं. बाकीचं नसतं सांगितलं तरी.

"हो," मी म्हणाले. "त्यानंच झालं असंल. जाऊ दे आता."

"माफ केलं ना?"

"केलं," मी म्हणाले.

कागद फाडला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. हे म्हणाले तेव्हा चोवीस वर्षांची होते, हातात नोकरी होती, लग्न ठरलं होतं, माझं कुणी काही घेऊन जाणार नव्हतं.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. दर दिवाळीला मी जानेफळला जायची. मळ्यातल्या खोपटात आम्ही दोघीच बसायचो; मेथीच्या जुड्या बांधत ती मला शाळेचं विचारायची, किती मुली आहेत, हुशार कोण आहे. बांधलेल्या जुड्या मी टोपलीत रचायची. चौथ्या ओळीचं मी सांगितलं नाही.

ती गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात होते, मुलींकडून वाचन घेत होते. निरोप आणणाऱ्याला दाराशी थांबायला सांगितलं. तास पुरा केला आणि मग निघाले.